औंधकरांचं देणं

आमच्या घरात औंधच्या राजाला 'महाराज' म्हणत आणि त्यांच्या मुलाला 'अप्पासाहेब'. आडनाव लावायची गरज कधी कोणाला वाटली नाही. पुढे शिकायला बाहेर पडलो तेव्हा कळलं, की हेच अप्पासाहेब पंत नैरोबी, गंगटोक, जाकार्ता, ऑस्लो, कैरो, लंडन, रोम अशा ठिकाणी भारताचे प्रतिनिधी म्हणून राहिलेले आहेत. आजोबांना त्यातली निम्मी नावं उच्चारताही आली नसती. त्यांच्या लेखी अप्पासाहेब म्हणजे खेडोपाडी फिरून गावकऱ्यांच्या हातात गावचा कारभार देऊ पाहणारा राजाचा पोरगा, बस्स.

अप्पासाहेबांची-माझी भेट कधी झाली नाही. पत्रव्यवहारही नाही. पण आमच्या घरात अक्षर कसं आलं, वडील शिक्षक कसे झाले आणि मी पंचायतीच्या खात्यात चाकरी करून पेन्शन कशी खातो, याचा माग काढत गेलं की वाट औंधच्या वाड्याशी जाऊन पोचते. म्हणून हे लिहायला बसलो.

औंध संस्थान एका जागी नव्हतंच. साताऱ्याकडे औंध, कृष्णाकाठी कुंडल, आमच्या माणदेशात आटपाडी आणि पार विजापूरकडे गुणदाळ, असे विखुरलेले तुकडे. सगळं मिळून ५०१ चौरस मैल, ७२ गावं आणि पाऊण लाखाच्या आसपास वस्ती. राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी हा माणूस मोठा हौशी. स्वतः चित्रं काढायचे, कीर्तनं करायचे, औंधला त्यांनी देशोदेशीच्या कलावस्तूंचं संग्रहालय उभं केलं. पंडित सातवळेकरांना वेदांच्या कामासाठी औंधात थारा दिला. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांना कुंडलजवळची माळरानाची जमीन दिली, तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. आणि सूर्यनमस्कार! ते तर त्यांचं वेडच. संस्थानातल्या प्रत्येक शाळकरी पोराच्या पाठीचा कणा त्या नमस्कारांनी वाकवलेला आणि सरळ केलेला. आमचे वडील साठी उलटल्यावरही पहाटे अंगणात नमस्कार घालत आणि आम्हाला उठवत. त्या बाबतीत औंधकरांचे उपकार मी मनापासून मानलेत असं म्हणवत नाही.

अप्पासाहेबांचा जन्म १९१२चा. ऑक्सफर्डला शिकून, बॅरिस्टर होऊन १९३७ मध्ये ते परतले. त्या काळी असा राजपुत्र परतला की मोटार, शिकार आणि पोलो यांत त्याची वर्षं जायची. हे गृहस्थ भलत्याच संगतीत सापडले. वॉर्सात जन्मलेले मॉरिस फ्रीडमन नावाचे पोलिश इंजिनिअर तेव्हा बंगळुरात म्हैसूर सरकारच्या वीजसाहित्याच्या कारखान्यात होते. पुढे त्यांनी भारतानंद हे नाव घेतलं. अप्पासाहेब त्यांना औंधला घेऊन आले. (मुंबईच्या खेतवाडीतल्या निसर्गदत्त महाराजांची मराठी संभाषणं इंग्रजीत नेली, तेच हे फ्रीडमन. एका आयुष्यात माणूस किती ठिकाणी उपयोगी पडावा!) फ्रीडमन, अप्पासाहेब आणि बाळासाहेब या तिघांच्या बोलण्यातून एक गोष्ट ठरली. राजाने राज्य रयतेला देऊन टाकायचं.

१९३८ च्या नोव्हेंबरात बाळासाहेबांनी तसं जाहीर केलं. मंडळी सेवाग्रामला गांधीजींकडे गेली आणि जानेवारी १९३९ मध्ये औंधची स्वराज्य-घटना अमलात आली. आधी गाव, मग तालुका, मग संस्थान, अशी तिची रचना खालून वर गेलेली. गावकऱ्यांनी पाच पंच निवडायचे. तालुक्याची सभा त्या पंचायतींतून उभी राहायची आणि संस्थानचं विधिमंडळ तालुक्यांतून. गावच्या महसुलाचा जवळजवळ निम्मा वाटा लोकांच्या कामासाठी खालीच राहायचा. गांधीजींनी राजपुत्रालाही मोकळं सोडलं नाही. खेड्यात जाऊन राहायचं आणि थोडक्यात भागवायचं, ही अट त्याच्यावर घातली. अप्पासाहेब संस्थानचे मुख्य प्रधान होते आणि त्या पदावर बसून त्या पदाची सत्ता कमी करत नेणं हेच त्यांचं काम होतं.

आता आमच्या आजोबांकडे येतो. आम्ही धनगर. गाव आटपाडीच्या पुढे, माणगंगेच्या खोऱ्यात. पाऊस हुलकावण्या देणार हे ठरलेलंच, म्हणून दिवाळी झाली की थोरले आजोबा मेंढरं घेऊन कृष्णाकाठाला उतरायचे आणि आमचे आजोबा घरची कोरडवाहू जमीन बघायला मागे थांबायचे. मागे थांबणारा म्हणून ते पंच झाले. दुसरी कोणतीही लायकी नव्हती असं ते स्वतःच सांगत. पंचायतीच्या वहीत ठराव लिहून झाला की पंचांनी खाली सही करायची. पहिल्या बैठकीत आजोबांनी अंगठा उठवला. घरी येऊन आजीला म्हणाले, "दप्तरावर अंगठा उठवायचा आन् गावाला कारभार शिकवायचा, हे बरं दिसतं व्हय?"

संस्थानात तेव्हा प्रौढांना साक्षर करायची मोहीम चालू होती. गावात रात्रीची शाळा भरायची, देवळाच्या ओवरीत, कंदिलाच्या उजेडात. आजोबा तिथे जाऊन बसायला लागले. शेजारी बसलेले शिकाऊ त्यांच्याच वयाचे, कोणाच्या मिशा पिकलेल्या. आजोबांना बाराखडी पुरती कधीच आली नाही. 'ज्ञ' आणि 'क्ष' यांच्या वाटेला ते शेवटपर्यंत गेले नाहीत. पण नाव लिहायला शिकले. मी पाहिलेली त्यांची सही मला अजून जशीच्या तशी दिसते. प्रत्येक अक्षरावर स्वतंत्र शिरोरेघ, दोन अक्षरांमध्ये बोटभर अंतर, आणि शेवटच्या अक्षराचा काना खाली ओढत ओढत थेट ओळीच्या बाहेर. सही करताना ते जीभ दातांत धरत आणि झाल्यावर कागद हातभर लांब धरून बघत. आपला मुलगा मेंढरांमागे न जाता शाळेत गेला पाहिजे, हे त्यांनी त्या ओवरीत ठरवलं. वडील शाळेत गेले, फायनल झाले, मास्तर झाले. पुढचं सांगायला नकोच.

पंचायतीच्या पहिल्या मोठ्या भांडणाची गोष्ट आजोबा रंगवून सांगत. हातात पैसे आले, पण लावायचे कुठे? एका गटाला देवळाचा सभामंडप हवा, दुसऱ्याला विहिरीचा गाळ काढायचा. दोन रात्री वादावादी झाली, एका पंचाने रागाने पागोटं फेकलं. शेवटी विहिरीचा ठराव झाला. आजोबांना त्या निकालापेक्षा एका वेगळ्याच गोष्टीचं अप्रूप होतं. "मामलेदार न्हाई, फौजदार न्हाई. आम्हीच भांडलो आन् आम्हीच मिटवलं," असं ते म्हणत.

त्या विहिरीवर महारवाड्याला पाणी भरता येत नव्हतं. गाळ काढायच्या आधी नाही आणि काढल्यानंतरही नाही. हे आजोबा कधी आपणहून सांगत नसत, मी विचारलं तेव्हा सांगितलं. राजाने सत्ता गावाला दिली, पण गाव होतं तसंच होतं. औंधच्या प्रयोगाचे गोडवे गाताना हे विसरून चालत नाही. दलित लेखक शंकरराव खरात आमच्याच आटपाडीचे. वडील गावचे तराळ. पुढे ते मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू झाले. त्यांचं 'तराळ-अंतराळ' हे आत्मचरित्र वाचावं म्हणजे त्याच मुलखाची दुसरी बाजू कळते. प्रयोगावर टीका करणारे म्हणतात, ७२ गावांचा खेळ तो, नऊ वर्षं टिकला, त्याचं काय एवढं? टीका सगळीच खोटी नाही. पण ज्या काळात बाकीचे संस्थानिक प्रजा परिषदेच्या कार्यकर्त्यांना तुरुंगात टाकत होते, त्या काळात एका राजाने आणि त्याच्या मुलाने कोणी मागायच्या आत सत्ता खाली सोडली. याच्या तोलाचं दुसरं उदाहरण मला तरी ठाऊक नाही.

स्वतंत्रपूर हेही त्याच मंडळींचं धाडस. आटपाडीजवळच्या माळावर १९३९ मध्ये कैद्यांची उघडी वसाहत वसवली. भिंत नाही, बेडी नाही. खुनाच्या आरोपाखाली शिक्षा झालेली माणसं बायकापोरांसह राहून शेती करणार. फ्रीडमन यांनी त्यात जीव ओतला होता. याच वसाहतीवरून ग. दि. माडगूळकरांनी 'दो आँखें बारह हाथ' लिहिला आणि व्ही. शांताराम यांनी १९५७ मध्ये तो पडद्यावर आणला. अण्णा माडगूळकरसुद्धा आमच्याच भागातले, माडगुळ्याचे. त्यांना कथा शोधायला लांब जावं लागलं नाही. वसाहत आजही आहे, राज्याच्या कारागृह खात्याकडे.

आमच्या वर्गात त्या वसाहतीतला एक मुलगा होता. माझ्याच बाकावर बसायचा. त्याचा बाप कोणत्या गुन्ह्यात आलाय हे सगळ्या गावाला माहीत होतं. मास्तरांनी ते वर्गात कधी काढलं नाही आणि कोणाला काढूही दिलं नाही. मधल्या सुट्टीत तो भाकरी सोडायचा, त्याच्याकडची शेंगदाण्याची चटणी आमच्या घरच्यापेक्षा चांगली असायची, म्हणून आम्ही त्याच्याभोवती जमायचो. गुन्हेगाराचा मुलगा म्हणजे काय, हे मला फार उशिरा, शहरात गेल्यावर, लोकांच्या बोलण्यातून कळलं. त्याआधी माझ्या मनात ती वर्गवारीच नव्हती. हे देणं आहे की नाही?

बेचाळीसच्या चळवळीत संस्थानची हद्द भूमिगतांच्या कामी आली. कुंडल औंधकडे, आणि साताऱ्याच्या प्रतिसरकारचे कितीतरी बिनीचे कार्यकर्ते त्याच गावचे. इंग्रजी हद्दीतून निसटून संस्थानी हद्दीत आलं की श्वास घ्यायला फुरसत मिळायची. १९४८ च्या मार्चमध्ये संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. पंचायतींची दप्तरं बंद झाली, मामलेदार परत आले. आजोबा म्हणत, "स्वराज्य आलं आन् आमचा कारभार गेला." त्यांच्या बोलण्यात तक्रार कमी आणि चेष्टा जास्त असायची, पण ऐकणाऱ्याला ती टोचायची.

त्याच साली नेहरूंनी अप्पासाहेबांना ब्रिटिश पूर्व आफ्रिकेत भारताचे आयुक्त म्हणून नैरोबीला पाठवलं. त्यांच्या राजनैतिक कारकिर्दीतला हा सगळ्यात मोलाचा काळ, असं माझं मत आहे. केनियात तेव्हा वर गोरे, मधे हिंदी व्यापारी आणि खाली आफ्रिकी, अशी उतरंड पक्की बसलेली. हिंदी माणसांना वाटलं असेल, आपलं सरकार आलं, आता आपला माणूस आपलं बघेल. नेहरूंचं धोरण नेमकं उलट होतं. तुम्ही इथे पाहुणे आहात, आफ्रिकी माणसाच्या हिताच्या आड येऊ नका, त्याला साथ द्या. हे दुकानदारांच्या गळी उतरवायचं काम अप्पासाहेबांकडे आलं. ज्या शहरात हॉटेलातही कातडीचा रंग बघत, तिथे अप्पासाहेब आणि त्यांच्या डॉक्टर पत्नी नलिनीदेवी यांच्या घरी गोरे, हिंदी आणि आफ्रिकी एकाच टेबलावर जेवू लागले. आफ्रिकी विद्यार्थ्यांना भारतात शिकायला शिष्यवृत्त्या मिळू लागल्या. गांधींच्या स्मरणार्थ हिंदी लोकांनी जमवलेला पैसा सगळ्या वंशांच्या मुलांना खुल्या असलेल्या तंत्रविद्यालयात गेला, आणि त्याच संस्थेतून पुढे नैरोबी विद्यापीठ झालं.

केनियाच्या स्वातंत्र्यचळवळीचे नेते जोमो केन्याटा यांच्याशी अप्पासाहेबांचे जवळचे संबंध होते. गोव्याच्या रक्ताचे दोघं जण त्या वर्तुळात होते, पियो गामा पिंटो आणि जोसेफ मुरुंबी. मुरुंबींचे वडील गोव्याचे, आई मासाई. ते पुढे केनियाचे उपराष्ट्राध्यक्ष झाले. पिंटोंची १९६५ मध्ये नैरोबीत गोळ्या घालून हत्या झाली. १९५२ च्या ऑक्टोबरात आणीबाणी लागली, केन्याटांना पकडलं, आणि त्यांच्या बचावासाठी नेहरूंनी दिवाण चमनलाल यांना भारतातून पाठवलं. वसाहतीच्या सरकारला अप्पासाहेब डोळ्यात खुपत होतेच. त्यांच्याविरुद्ध तक्रारींवर तक्रारी गेल्या आणि १९५४ मध्ये त्यांना नैरोबी सोडावी लागली. त्याच वर्षी इकडे त्यांना पद्मश्री मिळाली. मला हा योग फार आवडतो.

नैरोबीतलं हे वागणं आलं कुठून, याचा विचार करताना मला कंदिलाच्या उजेडातली ती ओवरी आठवते. ज्याने घरचं राज्य वाटून टाकलंय, त्याला दुसऱ्याला 'थोडं खाली सरकून बसा' म्हणायचा अधिकार पोचतो. इतरांच्या तोंडी तो नुसता उपदेश ठरला असता.

१९५५ ते १९६१ ते गंगटोकला पोलिटिकल ऑफिसर होते. सिक्कीम, भूतान आणि तिबेटशी भारताचा व्यवहार त्या बंगल्यातून चालायचा. इथे गंमत बघा. ज्यांनी इंग्रज रेसिडेंटची संस्थानिकांवरची हुकमत पाहिली, तेच आता इंग्रजांनी बांधलेल्या रेसिडेन्सीत बसून हिमालयातल्या छोट्या राजांशी बोलत होते. अशा जागी बसून मान न ताठवणं सोपं नसतं. १९५६ च्या अखेरीस दलाई लामा बुद्धजयंतीसाठी नथुला ओलांडून आले तेव्हा त्यांचं स्वागत करणाऱ्यांत अप्पासाहेब होते. १९५८ मध्ये नेहरू भूतानला गेले. रस्ता नव्हता, म्हणून नथुलावरून, तिबेटच्या चुंबी खोऱ्यातून, घोड्यांवरून आणि पायी. त्या प्रवासातही अप्पासाहेब बरोबर होते. तिबेटी धर्म, ध्यानधारणा, लामा लोकांचे अनुभव यांवर त्यांनी पुढे पुष्कळ लिहिलं. त्यातलं मला फारसं झेपत नाही.

जाकार्ताचा काळ कडू गेला. १९६२ च्या आशियाई स्पर्धांत इस्रायल आणि तैवानला वगळल्यावरून भारतीय पदाधिकारी गुरुदत्त सोंधी यांनी आक्षेप घेतला आणि जमावाने भारताच्या वकिलातीवर हल्ला केला. अप्पासाहेब तेव्हा तिथे राजदूत होते. मग नॉर्वे. कैरोत असताना १९६७ चं अरब-इस्रायल युद्ध झालं. बांगलादेशच्या लढ्याच्या वेळी ते लंडनला उच्चायुक्त होते, आणि जानेवारी १९७२ मध्ये पाकिस्तानातून सुटून आलेले शेख मुजीब आधी लंडनलाच उतरले. शेवटची नेमणूक रोमची.

मी पंचायतीच्या खात्यात ग्रामसेवक म्हणून लागलो आणि गटविकास अधिकारी म्हणून निवृत्त झालो. सगळ्या नोकरीत एकच अनुभव. गावाला काय हवं ते गावाला ठाऊक असतं, पण पैसा वरून येतो तो कशावर खर्च करायचा हे ठरवूनच येतो. एका गावाला पाण्याची टाकी हवी होती, योजनेत बसत होती ती स्मशानभूमीची शेड. शेड झाली. ग्रामसभेत मी ठराव वाचून दाखवत असताना एक म्हातारा म्हणाला, "साहेब, मरायच्या आधी प्यायला काय देता?" मी काय बोलणार? वरच्या कार्यालयाला पत्रं लिहिली, उत्तरं आली, ती फायलीला लागली. अशा दिवशी घरी आल्यावर आजोबांच्या विहिरीचा ठराव हमखास आठवायचा. पंचायतींना घटनेत जागा देणारी ७३ वी दुरुस्ती संसदेने १९९२ च्या डिसेंबरात मंजूर केली. अप्पासाहेब त्याच वर्षी ऑक्टोबरात गेले. दुरुस्ती आली, निवडणुका होतात, बायका सरपंच झाल्या, हे सगळं औंधने केलं त्यापेक्षा मोठं आहे. गावच्या पैशावर गावाचा हात ही गोष्ट मात्र औंधमध्ये जेवढी होती तेवढी अजूनही नाही, हे मी खुर्चीवर बसून पाहिलेलं सांगतो.

निवृत्तीनंतर आजोबांची सही असलेली ती पंचायतीची वही शोधायचा पुष्कळ प्रयत्न केला. गावच्या चावडीत नाही, तालुक्याला नाही. लहानपणी मी ती आमच्याच माळ्यावर पाहिली होती, पुढे घर पाडून बांधलं त्यात गेली असणार. अप्पासाहेबांनी या प्रयोगावर इंग्रजीत पुस्तक लिहून ठेवलंय, इंदिरा रोथरमुंड यांनी त्याचा अभ्यास केलाय. पण गावोगावच्या पंचांनी काय ठरवलं, कशावर भांडले, कोणाला बाहेर ठेवलं, हे त्या वह्यांतच होतं.

तेव्हा औंध, कुंडल, आटपाडी किंवा गुणदाळकडच्या ७२ गावांपैकी कोणाच्या घरी १९३९ ते १९४८ मधलं असं एखादं दप्तर असेल, वाळवी लागलेलं का असेना, तर ते रद्दीत घालू नका. पानापानाचे फोटो काढा आणि मूळ वही औंधच्या संग्रहालयात किंवा शासनाच्या पुराभिलेख खात्यात नेऊन द्या. पावती घ्यायला विसरू नका.